सात वेढे

५ डिसेंबर, शुक्रवार
दुकानातून, सकाळी साडेदहा

प्रिय ठकू,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने देत बसत नाही. तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. हे डॉक्टरला पटेना, म्हणून मी आमच्या जिन्याच्या सगळ्या पायऱ्यांची उंची मोजून त्याला कागदावर लिहून दिली. त्याने कागदाची घडी केली आणि खिशात टाकली. शिकलेल्या माणसांचं असंच असतं. जावईबापूंना नमस्कार, पिल्लूला पापा.

दुकान चाललंय. नवीन करवत घेतली. पंचेचाळीस अंशांवर पट्टी अशी कापते की चारही कोपरे जुळल्यावर जोडात केससुद्धा शिरत नाही. मी केस घालून बघितला, स्वतःचाच, आता ते मोजकेच उरलेत. परवा एक बाई आल्या होत्या. कुत्र्याच्या फोटोला सोनेरी फ्रेम, नक्षीची. पिशवीत आणखी एक फोटो होता, नवऱ्याचा. त्याला म्हणाल्या, साधी काळी चालेल.

तर तुझं कार्ड. तू चार ओळी लिहिल्यास. गेल्या तीन वर्षांत तू मला चारच्या वर लिहिलेल्या नाहीत, तेव्हा मी मोजल्या म्हणून रागावू नकोस. चौथी ओळ अशी आहे: 'पिल्लू विचारते, आईने लहानपणी केलेलं बक्षिसाचं कडं मामाकडे अजून आहे का. तिला काय सांगू ते कळव, मग यायचं ठरवते.'

कड्याची गोष्ट तिला मीच फोनवर सांगितली होती, हे कबूल. तुझी आई अकरा वर्षांची होती, नाताळच्या झाडाचे काचेचे गोळे वायरीत ओवून तिने दाराला लावायचं गोल कडं केलं, आणि शाळेच्या हॉलमध्ये एकूण चाळीस मुलांत पहिली आली. पोरीला अशा गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. नाहीतर तिला वाटेल आपली आई जन्मापासून प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्याच हलवते आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जुनं कडं दाखवण्यासारखं राहिलेलं नाही. माळ्यावर दमट असतं. गोळ्यांचा मुलामा उडाला, काही फुटले, वायर गंजली. असं ते पिल्लूला दाखवून उपयोग नाही. म्हणून मी ठरवलं आहे की नवीन करायचं, हुबेहूब तसंच, आणि चोवीस तारखेपर्यंत दारावर लावायचं. काचेचे चौसष्ट गोळे आणले आहेत. चोवीस मोठे, वीस मधले, वीस लहान. लाल आणि सोनेरी, बाकी रंग नाहीत.

तू हसशील. माझा सगळा जन्म काटकोनात गेला. गोल फ्रेम मी करत नाही, तशी पाटीच आहे दुकानावर. पण वायरीचा गोल आणणं काही अवघड नाही. कपड्यांचा हँगर सरळ करायचा, बादलीच्या झाकणावरून ओढत फिरवायचा, झाकण काढलं की गोल तयार. म्हणजे, असं जमत असावं असं वाटतं.

तू तिला एवढंच सांग की कडं आहे, मामाच्या दारावर आहे. मग तिकिटं काढ. गाडी दोन ठिकाणी बदलावी लागते, दुसऱ्या ठिकाणी बसायला बाक नाही, तेव्हा पिल्लूचं जॅकेट हाताशी ठेव.

तुझा,
दादा


१३ डिसेंबर, शनिवार
दुकानातून

प्रिय ठकू,

सर्वांना यथायोग्य सगळं. तुझं उत्तर पोचलं. एक ओळ. 'नवीन कशाला? मी जुन्याचं विचारलं होतं.'

खरंय, जुन्याचंच विचारलं होतंस.

मी आठ दिवसांत चार कडी केली आणि चारही मोडली. पहिलं गोल झालं, पण गोळे ओवले की सगळे फिरून तोंडं खाली घालून बसायचे. टोपणं सैल असतात, गोळा लटकला की काच सुटते आणि हातात नुसतं टोपण राहतं. सहा गोळे असे गेले. मग प्रत्येक टोपण गोंदाच्या बंदुकीने चिकटवलं. दुसऱ्यात मोठे गोळे एका बाजूला जमा झाले. तिसरं बरं होतं. दाराला लावलं, दहा पावलं मागे जाऊन पाहिलं, पुन्हा जवळ आलो, पुन्हा मागे गेलो. समोरची शिंपीण खिडकीतून बघत होती. तिने विचारलं, दाराचं माप घेताय की निरोप? मी ते काढून आत आणलं.

चौथ्यात काही चूक नव्हती. मोठा, मधला, लहान, मधला, मोठा, लाल सोनेरी आलटून पालटून, कुठेही फट नाही. तुझ्या वहिनीने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, बँकेच्या खिडकीची जाळी छान झाली. तेही मोडलं.

जीव थाऱ्यावर नाही एवढं खरं. परवा एका फ्रेमला उलटी काच बसवली. तुला माहीत आहे, मी अठ्ठावीस वर्षांत उलटी काच बसवलेली नाही. जेवताना उठतो, दार उघडून बघतो, दारावर काही नसतं, परत येऊन बसतो. वहिनी म्हणते, अहो, तिथे काय कोंबडी अंड्यावर बसवलीय का.

गुरुवारी लहान सोनेरी गोळे कमी पडले. ती म्हणाली, त्या जुन्या कड्यातले घ्या ना, असेही खराब झालेत म्हणता. मी म्हणालो, नको, माळा चढू नकोस, तुझा गुडघा. ती म्हणाली, चढताना दुखत नाही. आणि चढली.

खोका घेऊन खाली आली, टेबलावर ठेवून उघडला. तू विचारलंस म्हणून सांगतो: एकही गोळा फुटलेला नाही. मुलामा उडालेला नाही. वायर पितळेची आहे, पितळ गंजत नाही. सत्तावीस वर्षांनीही ते तसंच आहे. मी पहिल्या पत्रात लिहिलं ते बरोबर नव्हतं.

वहिनी बराच वेळ बघत होती. म्हणाली, अकरा वर्षांच्या पोरीने केलं? मग तिने ते पालथं केलं. मागच्या बाजूला, जिथे वायरीची दोन टोकं एकत्र येतात, तिथे बोट ठेवलं आणि मोजायला लागली. मोठ्याने नाही, ओठांनी.

तुला माहीत आहे मी फ्रेमच्या मागची वायर कशी बांधतो. दुहेरी फास, त्यावर सात वेढे, शेवटचं टोक पक्कडीने आत वळवायचं म्हणजे भिंतीला ओरखडा पडत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही. बाकीचे तीन वेढे मारतात, फार तर चार. या गावात सात वेढे मारणारा मी एकटा.

तिने मोजून झाल्यावर कडं उताणं ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. काय म्हणाली ते तुला सांगायचं आहे, त्यासाठीच आज लिहायला बसलो, पण आत्ता गिऱ्हाईक आलंय. पत्र इथेच थांबवून टपालात टाकतो, नाहीतर सोमवारवर जाईल.

दादा


१६ डिसेंबर, मंगळवार
घरून. दुकान आज बंद ठेवलं आहे.

प्रिय ठकू,

शनिवारी गिऱ्हाईक आलेलं नव्हतं. दुकान रिकामं होतं. बाहेर एक माणूस आरशात बघून केस नीट करत होता, तोही आत आला नाही.

वहिनी असं म्हणाली: "हे तुम्ही केलंय. तिला माहीत आहे का?"

मी म्हणालो, नाही. आणि नाही म्हणता म्हणता मला कळलं की तुला पहिल्यापासून माहीत आहे.

मला सगळं क्रमाने सांगू दे, मधलं काही सोडलं तर तुझी वहिनी स्वतः लिहिणार आहे म्हणते, आणि तिचं अक्षर तुला लागणार नाही.

आईला जाऊन दहा महिने झाले होते. तू अकराची, मी चोविसाचा. दुकान काढून वर्ष झालेलं, पाटी मीच रंगवलेली, आणि लोक येता जाता विचारायचे, कुणाच्या हाताखाली शिकलात? कुणाच्याच नाही म्हटलं की हं करून पुढे जायचे. शाळेने नाताळच्या सजावटीची स्पर्धा ठेवली, शनिवारी, हॉलमध्ये, पालकांसह. तू आठवडाभर आईच्या खोक्यातले गोळे घेऊन बसलीस. मला बघू दिलं नाहीस. दाराला खुर्ची लावायचीस.

शुक्रवारी तू शाळेत गेल्यावर मी बघितलं.

ठकू, ते अंड्यासारखं होतं. हँगरचा आकडा तसाच वर ठेवलेला. वायर टोचते म्हणून तू सबंध हँगरला लाल लोकर गुंडाळली होतीस, आणि ती मधेच संपल्यावर निळी. गोळ्यांना काही क्रम नाही. तीन लहान एका जागी, मग नुसती लोकर, मग एकदम सगळे मोठे. आणि खाली, जिथे लोक घंटा लावतात, तिथे आईच्या कोटाचं मोठं तपकिरी बटण.

मी दुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि ते मोडलं. तीन तास लागले. बादलीचं झाकण, पितळेची वायर, गोळे मापाने लावले, मागे सात वेढे. बटण घेतलं नाही. बटण म्हणजे काही नाताळचा दागिना नाही, असं मी तेव्हा स्वतःशी म्हणालो, हे मला शब्दन् शब्द आठवतं. सगळं खोक्यात ठेवून खोका होता तसा सुतळीने बांधला. तू तो हॉलमध्ये गेल्यावर उघडलास.

आजवर मी स्वतःला सांगत आलो की लोक तुला हसू नयेत म्हणून केलं. बिनआईची पोर, वगैरे. वहिनीलाही परवा हेच सांगितलं. ती म्हणाली, "तिला हसले असते की तुम्हाला?"

मी उठून दाराकडे गेलो. परत आलो. ती तशीच बसली होती.

मला. फ्रेमवाल्याच्या घरातलं काम आणि वाकडं, असं म्हणाले असते. तू माझ्या मनातसुद्धा नव्हतीस त्या दुपारी. हे लिहायला मला सकाळपासून आत्तापर्यंत वेळ लागला, आणि आता एक वाजलाय.

चित्रकलेच्या बाईंनी ते सगळ्यांना दाखवलं. म्हणाल्या, हात किती सफाईदार आहे, बघा. तुला स्टेजवर बोलावलं आणि विचारलं, कसं केलंस गं? तू कडं हातात घेऊन उभी होतीस, आणि तुझी बोटं मागच्या बाजूला होती. मी तिसऱ्या रांगेतून ती बोटं बघत होतो. रोज शाळेतून आलीस की दुकानात तूच माझी वायर धरायचीस. तुझं बोट त्या वेढ्यांवर गेलं आणि थांबलं.

तू म्हणालीस, "दादाने शिकवलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी येताना तू बक्षीस माझ्याकडे दिलंस आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापाशी विचारलंस, "दादा, माझी रिंग कुठेय?"

मी म्हणालो, "कोणती रिंग?"

तू पुन्हा विचारलं नाहीस. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. तेव्हा मला वाटलं, विसरली. मुलं विसरतात. तू त्यानंतर हाताने काही केलं नाहीस, शिवण नाही, चित्र नाही, वहीला कव्हरसुद्धा मला घालायला द्यायचीस, आणि मी लोकांना अभिमानाने सांगायचो, तिला माझंच काम लागतं. प्रमाणपत्राला मी माझ्या हातची सर्वांत चांगली फ्रेम केली आणि तुझ्या जेवायच्या जागेसमोर लावली. लग्न होईपर्यंत तू रोज त्याच्यासमोर जेवलीस. ठकू, मी काय माणूस आहे.

तीन वर्षांपूर्वी तुमच्या नव्या घरी आलो, तेव्हा तू स्वतः भिंतीवर चित्रं लावली होतीस. सात चित्रं, एकही सरळ नाही. तू कामाला गेलीस आणि मी सगळी उतरवून, लेव्हल लावून, खिळे बदलून पुन्हा लावली. जुनी भोकं बुजवली. तू संध्याकाळी आलीस, पर्स खांद्यावर तशीच, आणि म्हणालीस, "दादा, हे घर माझं आहे ना?" मी हसलो. मला वाटलं तू आभार मानते आहेस. नंतर तुझी पत्रं चार ओळींची झाली, आणि मी इथे बसून म्हणायचो, हल्ली मुलींना वेळ नसतो.

आज उत्तर देतो. घर तुझं आहे.

आता रिंग.

रिंग, म्हणजे तुझा तो लोकर गुंडाळलेला हँगर, बटणासकट माझ्याकडे आहे. मी ती टाकली नाही. का टाकली नाही ते मला नीट सांगता येत नाही, वायर टाकवत नाही असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. दुकानात ज्या भिंतीला मी फ्रेमच्या कोपऱ्यांचे नमुने लावतो, त्या नमुन्यांच्या मागे एक खिळा आहे. त्याला ती सत्तावीस वर्षं आहे. नमुने दर दोन वर्षांनी बदलतात. दर वेळी मी सगळे काढायचो, रिंग बघायचो, नवे नमुने तिच्यावर लावायचो. तू दुकानात त्या भिंतीपासून हातभर लांब बसून वायर धरायचीस.

काल संध्याकाळी ती घरी आणली. लाल लोकर फिकी झाली आहे, निळी आहे तशी आहे. बटण तू चार भोकांतल्या दोनच भोकांतून बांधलं आहेस, त्यामुळे ते तिरकं लटकतं. लोकरीची गाठ अजून घट्ट आहे. मी ओढून बघितली नाही, नुसतं बघून कळतं.

ती रिंग आज सकाळी दारावर लावली. नुसती. गोळे ओवलेले नाहीत. आईचा खोका दाराच्या आत स्टुलावर ठेवला आहे, जुन्या कड्यातले सगळे गोळे सोडवून त्यात परत घातले आहेत, मापाने लावलेले नाहीत, नुसते घातले. सात वेढे सोडवायला बराच वेळ लागला. मीच मारलेले, म्हणून पक्के. सोडवताना एकदा मनात आलं की काम मात्र उत्तम होतं. हे वहिनीला बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, हो, तेवढं पत्रात लिहू नका. लिहिलं.

प्रमाणपत्र उतरवलं. भिंतीवर चौकोनी डाग पडलाय, तो रंगवणार नाही. फ्रेम मी ठेवून घेतो, ती खरोखर माझी आहे.

पिल्लूला काय सांगू, असं तू विचारलं होतंस. मी तिला खोटं सांगितलं, तेव्हा खरं मीच सांगायला हवं, पण ती आली तरच सांगता येईल, आणि ती येणार की नाही हे तू ठरवणार. म्हणून आत्तापुरतं तू सांग: आईने केलेलं कडं मामाने मोडलं. मोडून स्वतः केलं आणि आईच्या नावावर ठेवलं. आईची रिंग आहे. तिने विचारलं, मामाने असं का केलं, तर सांग की मामाला विचार, तो उभा राहून सांगेल.

तू नाही आलीस तर मी समजेन. समजेन म्हणजे दार उघडून बघायचं थांबवीन असं नाही. रिंग तशीच राहील, नाताळ झाल्यावरही. परत नमुन्यांमागे जाणार नाही.

तू आलीस, आणि तुला वाटलं, तर दोघी बसून ओवा. कसेही ओवा. खुर्ची दाराला लावायची असेल तर लावा. मी बाहेर थांबेन. बोलावलंत तर आत येईन आणि टोक धरीन, सोड म्हटलं की सोडीन.

एक सांगून ठेवतो. रिंग डावीकडे झुकते. साधारण चार अंश. सकाळपासून सहा वेळा दार उघडून पाहिलं. लेव्हल खिशात आहे. शिंपीण आपल्या खिडकीतून म्हणाली, ते तिरकं लागलंय हो. मी तिला म्हणालो, माहीत आहे, माझ्या बहिणीने केलंय ते.

हे पत्र पुन्हा वाचलेलं नाही. वाचलं तर दुरुस्त करीन, आणि दुरुस्त केलं तर त्यात तुझ्यासाठी काही उरणार नाही. खाडाखोड आहे तशी राहू दे.

वायर धरायला, तोंड मिटून,
तुझा दादा